कोण कुठल्या सुरात लिहितंय? राजकीय लेख शेजारी-शेजारी ठेवून वाचायची पद्धत

हे काम पहिल्यांदा हातात घेतलं की जवळपास सगळे एकच चूक करतात, मीही केली होती. दोन लेख घेतले, एकात नुसता संताप, दुसऱ्यात गोड गोड भाषा, आणि मी वहीत लिहून मोकळा झालो की पहिला सरकारविरोधी आणि दुसरा सरकारधार्जिणा. मग निवांत वाचलं तर भलतंच निघालं. संतापलेला माणूस शेवटी म्हणत होता की विधेयक आणलंत ते बरंच केलंत, फक्त मांडणाऱ्या मंत्र्याला ते मांडता आलं नाही, आणि गोड बोलणाऱ्याने मंत्र्यांचं कौतुक करत करत विधेयकातलं एकेक कलम असं काही उसवलं होतं की शेवटी हातात काहीच उरत नव्हतं.

तेव्हापासून मी दोन वेगळे कॉलम करतो. एक सूर, म्हणजे माणूस कसा बोलतोय. दुसरा भूमिका, म्हणजे त्याला नेमकं काय व्हायला पाहिजे आणि तो कुणाच्या बाजूने उभा आहे. नवीन माणसाने बाकी काही नाही केलं तरी हे दोन कॉलम पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, कारण पुढची सगळी गंमत त्या दोघांचं जमत नाही तिथेच आहे.

आधी लेख गोळा करा, पण कसेही नाही

घटना एकच पाहिजे आणि लेख एक-दोन दिवसांच्या आतले पाहिजेत. २३ नोव्हेंबर २०१९चा फडणवीस-अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी घ्या, जून २०२२मधली शिवसेनेतली फूट घ्या, कुठलीही घ्या, पण ठळक तारीख असलेली घ्या. आठवडा उलटला की लेखक घटनेवर लिहीत नाहीत, एकमेकांच्या लेखांवर लिहायला लागतात, आणि मग सूर घटनेमुळे चढला की शेजारच्या पेपरमुळे ते कळत नाही. शपथविधीच्या वेळी तर २६ नोव्हेंबरला दोघांचे राजीनामेच आले, म्हणजे २४ला लिहिणारा आणि २७ला लिहिणारा एका घटनेवर लिहीतच नव्हते.

निदान तीन लेख घ्या. दोनच घेतले की आपोआप कुस्ती लागते, हा इकडचा तो तिकडचा, तिसरा आला की कळतं की बाजू दोनपेक्षा जास्त असतात.

आणि जातीला जात लावा, म्हणजे अग्रलेखासमोर अग्रलेख, सदरासमोर सदर. अग्रलेखाखाली बहुतेक वेळा नाव नसतं, ती पेपरची भूमिका असते. सदर लिहिणारा स्वतःच्या नावाने बोलतो, पेपर त्याच्याशी सहमत असेलच असं नाही. बातमीत मत नसावं अशी अपेक्षा असते (असावी तरी), आणि ‘विश्लेषण’ हा मधला प्राणी आहे, त्यात बातमीच्या कपड्यात मत फिरत असतं. बातमीची किंवा सदराची हेडलाईन बऱ्याचदा डेस्कवर बसलेला दुसराच कोणी देतो, त्यामुळे हेडिंग भडक आहे म्हणून लेखकाच्या नावावर भडकपणा मांडू नका.

मुखपत्राचं वेगळं आहे. ‘सामना’ १९८८ला सुरू झालं ते शिवसेनेचं मुखपत्र म्हणूनच, तिथे बाजू कुठली हे शोधण्यात अर्थ नाही, ती मास्टहेडवरून, म्हणजे पहिल्या पानावरच्या पेपरच्या नावावरूनच समजते. तिथे बघायचं ते एवढंच की आज रोख कुणावर आहे आणि मित्रपक्षाबद्दल हात किती राखून ठेवलाय.

वेबसाईटवरून लेख घेत असाल तर लगेच कॉपी काढून तारीख-वेळ टाका. दुपारी वाचलेलं हेडिंग रात्री तेच असेल याची खात्री नाही, माझे दोन दिवस असे वाया गेलेत.

पहिलं वाचन पेन न घेता

नुसतं वाचा. मोठ्याने वाचलं तर अजून उत्तम, कारण उपरोध डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतो. वाचून झालं की लेख पालथा घाला आणि भूमिकेच्या कॉलममध्ये एकच वाक्य लिहा: “या लेखकाला वाटतं की अमुक व्हायला पाहिजे.” वाक्य पूर्ण करता येत नसेल तर दोन शक्यता, एक तर तुम्ही नीट वाचलं नाही, दुसरी म्हणजे लेखात भूमिकाच नाही, नुसता सूर आहे. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा खरी निघते.

आता पेन घ्या, नावांपासून सुरुवात करा

घटनेला काय नाव दिलंय तिथे पहिली खूण करा. जून २०२२मध्ये जे झालं त्याला एकनाथ शिंदेंच्या बाजूचे लोक ‘उठाव’ म्हणतात, ठाकरेंच्या बाजूचे ‘गद्दारी’ म्हणतात, पेपरवाले ‘बंड’ किंवा ‘फूट’ लिहितात. यातला एकही शब्द धुतल्या तांदळासारखा नाही. उठाव अन्यायाविरुद्ध असतो, बंडात थोडा पराक्रम थोडा बेशिस्तपणा, गद्दारी म्हटलं की निकाल लागलाच. त्यातल्या त्यात ‘फूट’ कोरडा, पण तोही कुणी फोडलं हे सांगत नाही. तसंच ‘शिंदे गट’ लिहिणारा आणि ‘शिंदेंची शिवसेना’ लिहिणारा, किंवा ‘ठाकरेंची शिवसेना’ आणि ‘उबाठा’. खरं तर उबाठा हे ‘उद्धव बाळासाहेब ठाकरे’चं साधं लघुरूप, पण ते कोण वापरतं आणि कोण टाळतं हे चार दिवस बघा, मग कळेल लघुरूपालाही सूर असतो ते.

काही शब्द तर चाळीस-चाळीस वर्षं टिकतात. १९७८ला शरद पवार वसंतदादांचं सरकार पाडून पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले, तेव्हापासूनचा ‘पाठीत खंजीर’ अजून निघालेला नाही, आणि २०२३मध्ये अजित पवार वेगळे झाले तेव्हा तोच खंजीर परत बाहेर काढून लिहिणारे होतेच. असा जुना शब्द दिसला की समजायचं, लेखक आजची घटना सांगत नाहीये, जुना हिशोब मांडतोय.

माणसांची नावं हे तर मराठीत सोन्याचं खाणकाम आहे. एकाच लेखात ‘पवार’, ‘शरद पवार यांनी’, ‘पवारसाहेब’, ‘थोरले पवार’ किंवा ‘फडणवीस’, ‘देवेंद्रजी’, ‘देवाभाऊ’ यातलं काय आलंय ते मोजा. कुणाला ‘जी’, कुणाला ‘दादा’, कुणाला नुसतं आडनाव. आणि एकेरीवर कधी उतरलाय ते तर मोजाच. ‘म्हणाले’चा ‘म्हणाला’ झाला की पारा चढला. उलट अति आदरही संशयास्पद, ‘माननीय’, ‘महोदय’, ‘विद्वान मंत्री’ असं ओळीने आलं की बहुतेक वेळा ते जोडे मखमलीत गुंडाळलेले असतात.

क्रियापदं, खरा माल इथे

नवे लोक विशेषणं शोधत बसतात, ‘निर्लज्ज’, ‘ऐतिहासिक’ वगैरे. ती दिसतातच हो, ती शोधायला कौशल्य लागत नाही. चलाख लेखक विशेषण वापरत नाही, क्रियापदात काम उरकतो. नेता एकच वाक्य बोलला, पण लेखात तो म्हणाला, की त्याने दावा केला, की कबुली दिली, की सारवासारव केली, की ठणकावलं, की बरळला? ‘ठणकावलं’ लिहिलं की माणूस शूर, ‘थयथयाट केला’ लिहिलं की तोच माणूस हास्यास्पद.

मग कर्ता कुठे गेला ते बघा. “पोलिसांनी लाठीमार केला.” “लाठीमार झाला.” “पोलिसांना लाठीमार करावा लागला.” तिन्हीत काठ्या तेवढ्याच. पण दुसऱ्यात मारणारा गायब, पाऊस पडल्यासारखा लाठीमार आपोआप झाला, आणि तिसऱ्यात तर बिचाऱ्या पोलिसांचाच नाईलाज होता. आणि ‘सौम्य लाठीमार’ हा आपल्याकडचा खास प्रकार, ज्याच्या पाठीवर पडला त्याला कुणी विचारलं होतं का सौम्य होता म्हणून? सरावाला १ सप्टेंबर २०२३चं अंतरवाली सराटीचं, मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवरच्या लाठीमाराचं प्रकरण घ्या, पुढच्या दोन दिवसांचे अग्रलेख काढा आणि फक्त एवढंच बघा की लाठीमार या शब्दाआधी कर्ता आहे की नाही.

‘पण’ कुठे आहे तेही बघाच. “निर्णय चांगला आहे, पण उशिरा घेतला” आणि “उशिरा का होईना, निर्णय चांगला घेतला.” माहिती तीच, पण एक वाचून कपाळाला आठी, दुसरं वाचून समाधान. मराठीत ‘पण’नंतर येतं ते वाचकाच्या लक्षात राहतं आणि लेखकांना हे चांगलं माहीत असतं.

छोटे शब्द: ‘च’ घ्या, “सरकारने निर्णय घेतला” आणि “सरकारने निर्णय घेतलाच”, दुसऱ्यात एक तर कौतुक आहे नाहीतर “शेवटी केलंच ना मनासारखं” असा राग आहे, कुठलं ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवा. ‘म्हणे’ तर अख्ख्या परिच्छेदाचं काम करतो, “मंत्र्यांनी म्हणे रात्रभर जागून फाईल वाचली”, झालं, कुणाचाच विश्वास बसणार नाही. अवतरण चिन्हात टाकलेला ‘विकास’ किंवा ‘निष्ठावंत’ हाही त्याच घरचा.

एक सराव करून बघू

ही वाक्यं माझीच आहेत, कुठल्या पेपरातली नाहीत. समजा विधानसभेत विधेयक मंजूर झालं आणि विरोधकांनी सभात्याग केला होता.

“विरोधकांच्या गैरहजेरीत विधेयक अवघ्या काही मिनिटांत उरकण्यात आले.”

“विरोधकांनी चर्चेतून पळ काढला, तरी सरकारने विधेयक मार्गी लावलेच.”

“विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्याआधी, बोलू दिले जात नसल्याचा आरोप करत विरोधकांनी सभात्याग केला होता.”

पहिल्यात आवाज अजिबात चढलेला नाही, पण ‘अवघ्या’ आणि ‘उरकण्यात’ या दोनच शब्दांनी सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, वर विरोधक स्वतः उठून गेले हे ‘गैरहजेरीत’ या शब्दाखाली दडवलंय. दुसऱ्याचा सूर चढा, पळ काढला काय, लावलेच काय, बाजू सरळ दिसते. तिसरं सगळ्यात कोरडं, त्यात सभात्यागही आहे आणि त्याचं कारणही, पण कारणाला ‘आरोप’ म्हटलंय आणि मंजुरी आधी ठेवलीय. म्हणजे अगदी स्वच्छ वाक्यातसुद्धा क्रम ठरवावाच लागतो, म्हणून तिसऱ्याला लगेच ‘निःपक्ष’ म्हणू नका, ‘कोरडा सूर, दोन्ही बाजूंची नोंद’ एवढंच लिहा.

इथे तिसरा कॉलम लागतो, पुरावा. सुराच्या कॉलममध्ये उपरोधिक, चिडलेला, उपदेशाचा, कळवळ्याचा, थट्टेचा, जे वाटेल ते लिहा, पण समोर लेखातला नेमका शब्द टाका. शब्द सापडला नाही तर खोडा. दहापैकी मार्क द्यायची पद्धत मला आवडत नाही, ७ आणि ८ मधला फरक कुणालाच सांगता येत नाही आणि उगाच शास्त्रीय वाटायला लागतं.

जुन्यांवर हात साफ करा

आजच्या लेखांवर सराव केला की आपला राग-लोभ मधे येतो, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे घ्या. १८९१चं संमतिवयाचं बिल यासाठी उत्तम. मुलींचं शरीरसंबंधासाठीचं संमतीचं वय १०वरून १२ करायचं होतं. आगरकर ‘सुधारका’तून बिलाच्या बाजूने, टिळक ‘केसरी’तून विरोधात, आणि हे दोघे एकेकाळचे जिवलग, १८८२ला कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले, आगरकर तर १८८७पर्यंत केसरीचेच संपादक. वरवर वाचलं तर वाटतं एक सुधारणेचा आणि एक बालविवाहाचा कैवारी. पण भूमिकेचं वाक्य लिहायला बसलात की अडकाल, कारण १८९०मध्ये टिळकांनीच सुधारकांपुढे अट ठेवली होती की मुलींची लग्नं १६च्या आत आणि मुलांची २०च्या आत करणार नाही असं आधी स्वतः पाळा. त्यांचा जाहीर विरोध परक्या सरकारने कायदा करण्याला होता. आता ती अट मनापासूनची की प्रतिपक्षाला पेचात पकडायला, यावर भांडा खुशाल, पण ‘विरोधात’ असा एक शब्द लिहून पुढे जाता येत नाही हे तरी कळेल.

मग जुलै १८९७चे केसरीचे दोन मथळे शेजारी ठेवा. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतरच्या सरकारी दडपशाहीवरचा राग दोन्हीत तोच, लेखक तोच. पहिला मथळा प्रश्न विचारून टोचतो, दुसरा वडीलधाऱ्यासारखा सुनावतो. सूर बदलला, भूमिका हलली नाही.

उपरोध शिकायचा तर शि. म. परांजपे, त्यांचं ‘काळ’ १८९८ला सुरू झालं. इंग्रजी राज्याची स्तुती करतोय असं दाखवत त्याची सालं काढायची, ही त्यांची हातोटी. सरळ वाचणाऱ्याला स्तुती दिसते. सुराचा कॉलम आणि भूमिकेचा कॉलम एकमेकांच्या बरोब्बर उलट भरायची सवय तिथे लागते. १९०८ला त्यांनाही राजद्रोहाची शिक्षा झाली, म्हणजे उपरोध सरकारलाही कळत होता.

आणि सगळं शांत असून हादरवणारं वाचायचं तर ३१ जानेवारी १९२०च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातलं बाबासाहेब आंबेडकरांचं लिखाण. हिंदू समाज म्हणजे मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना शिडी नाही. त्यात एक शिवी नाही, उद्गारचिन्हांचा पाऊस नाही, एक चित्र आहे फक्त. सुरापुढे ‘शांत’ लिहाल, पण भूमिका त्या काळच्या कुठल्याही आरडाओरड करणाऱ्या लेखापेक्षा कडक आहे.

सूर ओळखण्यावर माणसाची सहा वर्षं जाऊ शकतात हेही जाता जाता. १८९७च्या टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी कायद्यातल्या ‘अप्रीती’ (disaffection) या शब्दाचा प्रीतीविषयक अर्थ लावला, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला, म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. १९०८च्या खटल्यात तर टिळकांनी कोर्टात सरकारी भाषांतरावरच बोट ठेवलं, मराठी शब्दाचा इंग्रजीत जो शब्द केलाय त्याने लेखाचा अर्थच भडक झालाय म्हणून. ज्युरीत ७ विरुद्ध २ झालं आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेच्या तुरुंगात. तेव्हा मराठी लेखाचा सूर इंग्रजी भाषांतरावरून ठरवू नका, मूळ वाचा.

लेखकाची तुलना त्याच्याशीच करा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. एखादा माणूस नेहमीच तारस्वरात लिहितो, मग आजचा तारस्वर ही बातमी नाही. आचार्य अत्र्यांनी १९५६ला ‘मराठा’ काढला तो संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, आणि त्यांच्याकडे अतिशयोक्ती ही रोजची पोळीभाजी, ‘दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ हे त्यांच्याकडे सामान्य वाक्य. याउलट गोविंद तळवलकर, महाराष्ट्र टाइम्सचे १९६८ ते १९९६ संपादक, त्यांचा बाज संयमी आणि अभ्यासाचा. तळवलकरांनी एक बोचरं वाक्य लिहिलं तर त्याचं वजन अत्र्यांच्या दहा वाक्यांएवढं धरावं लागतं. म्हणून कुठल्याही लेखकाचे आधीचे पाच-सहा लेख वाचल्याशिवाय त्याचा सूर ‘चढला’ की ‘उतरला’ हे लिहू नका, तो कुठून चढला ते माहीत पाहिजे ना.

अत्र्यांचंच अजून एक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी नेहरूंना किती झोडपलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि १९६४ला नेहरू गेले तेव्हा त्याच लेखणीतून इतकी हळवी लेखमाला आली की लोक रडले. कुणी म्हणेल दुटप्पी. मला नाही वाटत. एका प्रश्नावरचा राग आणि माणसाबद्दलची भावना या दोन वेगळ्या ओळी आहेत, वहीतही दोन वेगळ्या ओळींवर लिहा.

जे लिहिलंच नाही ते

तीन लेख समोर असले की हे सोपं जातं. पहिल्या लेखातल्या सगळ्या मुद्द्यांची यादी करा आणि दुसऱ्यात कुठले नाहीत ते बघा. एकाने आकडे दिले दुसऱ्याने टाळले, एकाने न्यायालयाचा निकाल सांगितला दुसऱ्याने फक्त त्यावरची प्रतिक्रिया. पण प्रत्येक गाळलेली गोष्ट मुद्दाम गाळली असं समजू नका, जागा कमी असते, वेळ कमी असतो. तोच मुद्दा तिसऱ्या-चौथ्या लेखातही तोच लेखक गाळतोय असं दिसलं तर मग लिहा.

शेवटी नावं झाकून

एखाद्या मित्राला किंवा बहिणीला सांगून लेखातली पक्षांची नावं खोडून अ पक्ष, ब पक्ष करून घ्या. नेत्यांचे साहेब, दादा, ताई, भाऊ पण खोडायला सांगा, नाहीतर त्यावरूनच कळतं. आणि दोन-चार लेखांत अ आणि ब यांची गुपचूप अदलाबदल करायला सांगा. मग सुराचा कॉलम पहिल्यापासून परत भरा.

मी केलं तेव्हा माझ्या बहिणीने माझ्या आवडत्या लेखकाचाच लेख उलटवला होता. आधी नावांसकट वाचताना मी त्याच्या एका परिच्छेदापुढे ‘परखड’ लिहिलं होतं. नावं बदलून वाचला तेव्हा त्याच परिच्छेदापुढे, पुरावा म्हणून तेच तीन शब्द टाकून, मी ‘आक्रस्ताळा’ लिहिलं. दोन्ही नोंदी अजून वहीत आहेत, खोडलेल्या नाहीत.